राहते घर आणि कायदा

सासरी मार खाणाऱ्या बाईला कायद्याने काय द्यावे, याचे उत्तर भारतात दर पिढीला बदलत गेले. आधी पोटगी मिळाली, मग वेगळे राहण्याची मुभा, मग घटस्फोट आणि त्यानंतर नवऱ्याला तुरुंगात पाठवण्याची तरतूद. या सगळ्या उत्तरांमागे एक गृहीत होते. बाई घराबाहेर पडली आहे किंवा पडणारच आहे, असे मानून ती लिहिली गेली होती. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला आणि त्याने हे गृहीत मोडले. बहुसंख्य बायकांना मार थांबायला हवा असतो, पण घर सोडायचे नसते; कारण सोडून जाणार कुठे, हा प्रश्न सुटलेला नसतो. हा कायदा त्या बाईसाठी आहे. नवऱ्याला शिक्षा व्हावी किंवा लग्न मोडावे, अशी तिची मागणी असलीच पाहिजे असे तो म्हणत नाही.

पण बंद दाराआडची हिंसा थांबवणे एकट्या न्यायाधीशाच्या हातात नसते. म्हणून या कायद्याने न्यायदंडाधिकाऱ्याभोवती माणसांची आणि संस्थांची एक साखळी उभी केली. संरक्षण अधिकारी, पोलीस, सेवा देणाऱ्या संस्था, निवारागृहे, रुग्णालये आणि विधी सेवा प्राधिकरण हे तिचे दुवे आहेत. कायद्याचे बळ या साखळीत आहे आणि त्याचा दुबळेपणाही तिच्यातच आहे. कलमे कितीही चांगली असली तरी मधला एक माणूस कच्चा निघाला की प्रकरण तिथेच अडते.

ही साखळी पाहायला नागपूरची धंतोली ही वस्ती सोयीची आहे. सीताबर्डीला लागून, वर्धा मार्गालगत वसलेला हा भाग एकेकाळी बंगल्यांचा, वकील-प्राध्यापकांचा होता. आज तो खासगी रुग्णालयांचा झाला आहे. रस्त्यावरच्या गाड्यांचा आणि दवाखान्यांचा वाद इथल्या नागरिकांनी थेट उच्च न्यायालयात नेला. हिवाळी अधिवेशनात विधानभवनाकडे जाणारे मोर्चे इथल्याच यशवंत स्टेडियमवर जमतात. वस्तीच्या नावाचे पोलीस ठाणे आहे. जिल्हा न्यायालय आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे फार दूर नाही. कागदावर पाहिले तर अशा जागी राहणाऱ्या बाईला मदत मिळायला काहीच अडचण येऊ नये. तरीही अडचण येते, आणि शिकलेल्या मध्यमवर्गात ती काही बाबतींत अधिकच अवघड होते. झोपडपट्टीतली भांडणे गल्लीला ऐकू जातात. फ्लॅटमधली भांडणे टीव्हीचा आवाज वाढवून झाकता येतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित स्त्रियांपैकी देशभरात सुमारे २९ टक्क्यांनी आणि महाराष्ट्रात सुमारे २५ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याच पाहणीतला दुसरा आकडा अधिक बोलका आहे. देशभरात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कोणाकडे तरी मदत मागितली. तीन चतुर्थांशाहून अधिक बायकांनी मदत मागितली नाही आणि ही गोष्ट कोणाला सांगितलीही नाही. ज्यांनी मदत मागितली त्यातल्या बहुतेकींनी ती माहेरी मागितली. पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या फारच थोड्या होत्या. म्हणजे कायद्याची पहिली लढत नवऱ्याच्या वकिलाशी होत नाही. ती बाईच्या गप्प राहण्याशी होते आणि ‘थोडं सहन कर, मुलांकडे बघ’ म्हणणाऱ्या माहेराशी होते.

या कायद्याच्या पूर्वेतिहासात नागपूर पुन्हा पुन्हा येते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १८९८ च्या कलम ४८८ मध्ये टाकून दिलेल्या बायकोला पोटगी होती, पण दरमहा पन्नास रुपयांच्या वर नाही. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने पाचशेपर्यंत गेली आणि २००१ मध्ये पूर्णपणे उठली. अनेक जातींमध्ये काडीमोड आणि पाट रूढ होते; तिथल्या बाईला नकोसे लग्न मोडता येई. उच्च म्हणवणाऱ्या जातींतल्या हिंदू बाईला ती सोयही नव्हती. १९४६ च्या केंद्रीय कायद्याने नवऱ्याच्या क्रूरतेमुळे किंवा दुसऱ्या लग्नामुळे हिंदू पत्नीला वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क दिला. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा कायदाही करून दिला. नागपूर त्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या बायकांना मिळालेला हा हक्क नागपूरच्या बायकांना मिळाला नाही. त्यांना १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत थांबावे लागले. त्या कायद्यातही क्रूरता हे सुरुवातीला फक्त न्यायिक फारकतीचे कारण होते. क्रूरतेवरून थेट घटस्फोट मागता येऊ लागला तो १९७६ च्या दुरुस्तीनंतर.

पण मागणी त्याच्या फार आधीची होती, आणि तिचा उच्चार नागपुरातच झाला. २० जुलै १९४२ रोजी येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. हजारो बायका आल्या होत्या, त्यात गिरणीत आणि बिडी कारखान्यांत राबणाऱ्या बायकाही होत्या. परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला आणि कामगार बायकांसाठी सवलतींचे ठराव केले. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची गुलाम न होता त्याची बरोबरीची मैत्रीण म्हणून राहावे, अशा आशयाचे भाषण बाबासाहेबांनी तेथे केले. हिंदू संहिता विधेयकाच्या चर्चेत पुढे दिल्लीत जे गाजले, त्यातला बराच भाग त्या दिवशी नागपुरात ठरावांच्या रूपात मांडला गेला होता. स्त्री चळवळीच्या इतिहासात या परिषदेला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी अजूनही मिळालेली नाही.

१९७२ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. हे ‘मथुरा प्रकरण’ सत्र न्यायालयातून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले. खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडून दिले. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर निषेध पेटला. नागपुरात कार्यकर्त्या सीमा साखरे यांनी हा प्रश्न लावून धरला. प्रकरण घरातल्या हिंसेचे नव्हते. पण त्यातून उभी राहिलेली चळवळ लवकरच हुंडाबळींकडे आणि घरातल्या छळाकडे वळली, आणि १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या क्रूरतेला गुन्हा ठरवणारे कलम ४९८-अ आले. संगमनेरला १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हा टाकून दिलेल्या बायका आपले प्रश्न घेऊन प्रथमच एका व्यासपीठावर आल्या.

४९८-अ चा उपयोग झाला आणि त्याची मर्यादाही लवकरच कळून आली. हा फौजदारी गुन्हा आहे. तक्रार दाखल झाली की नवऱ्याकडचे सगळे एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला, आणि परतीची वाट बहुतेक वेळा बंद. शिवाय ते लग्नाच्या बायकोपुरतेच. विधवा बहीण, वृद्ध आई, अविवाहित मुलगी आणि लग्नाविना सोबत राहणारी स्त्री यांना त्याचा आधार नव्हता. रात्री घराबाहेर काढलेल्या बाईला त्या रात्री कुठे ठेवायचे, यावर त्यात एक शब्द नव्हता.

सरकारने २००२ मध्ये पहिले विधेयक आणले तेव्हा त्यात ‘सवयीने’ होणारी मारहाणच हिंसा ठरत होती. मालमत्तेच्या रक्षणासाठी केलेले वर्तन हिंसेतून वगळण्याची पळवाटही होती. स्त्री संघटनांनी ते नाकारले. वकील इंदिरा जयसिंग यांच्या लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेने आधीच पर्यायी मसुदा तयार केला होता. अंतिम कायद्यावर त्याची छाप स्पष्ट दिसते. ब्रिटनमध्ये असा दिवाणी संरक्षण कायदा १९७६ मध्ये आला होता, मलेशियात १९९४ मध्ये. भारताने स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला १९९३ मध्ये मान्यता दिली, पण त्यानुसार घरातल्या हिंसेवर कायदा करायला आणखी बारा वर्षे घेतली.

कायद्याच्या तिसऱ्या कलमात हिंसेची व्याख्या आहे आणि सगळ्या कायद्याचा पाया तीच आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकार तिथे मानले आहेत. मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणे ही हिंसा आहे. घरखर्चाला पैसे न देणे, पगार काढून घेणे, स्त्रीधन विकणे किंवा दडवून ठेवणे हीसुद्धा हिंसा आहे. धंतोलीतल्या सुस्थितीतल्या घरांत आढळणारी हिंसा पुष्कळदा याच शेवटच्या प्रकारची असते. नोकरी करणाऱ्या बाईचे एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असते, तिला कोणी हात लावलेला नसतो, आणि म्हणून आपल्याला तक्रारीचा हक्कच नाही असे तिला वाटते. कायद्याला तसे वाटत नाही. तो धर्मही विचारत नाही. हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती, सगळ्यांना सारखाच लागू आहे. प्रतिवादी ‘प्रौढ पुरुष’च असावा ही अट सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०१६ च्या निकालात रद्द केली, त्यामुळे सासू-नणंदेविरुद्धही थेट अर्ज करता येतो.

दुसरा मोठा बदल घराबाबतचा. कलम १७ प्रमाणे ज्या घरात स्त्री कौटुंबिक नात्याने राहते किंवा राहिलेली आहे, त्या सामाईक घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. नागपुरात हा मुद्दा कायम उपस्थित होतो. घर सासऱ्याच्या नावावर, नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवर घेतलेल्या प्लॉटवर, आणि कोर्टात पहिला बचाव हाच की मुलाचा या घराशी काही संबंध नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव मान्य केला होता आणि पुढची चौदा वर्षे देशभरातल्या सुनांना तो भोवला. १५ ऑक्टोबर २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. नातेवाईकाच्या मालकीचे घरही सामाईक घर असू शकते, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने हेही सांगितले की ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचा उपयोग करून सुनेला घाईघाईने घराबाहेर काढून हा हक्क संपवता येणार नाही. हा मालकी हक्क नाही, राहण्याचा हक्क आहे. घर तिच्या नावावर होत नाही. पण कायद्याचा मार्ग न वापरता तिला बाहेर काढता येत नाही, आणि न्यायदंडाधिकारी नवऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा किंवा तिच्यासाठी भाड्याच्या घराची सोय करण्याचा आदेश देऊ शकतो.

या हक्कांपर्यंत पोचायचे कसे, हा पुढचा प्रश्न. कायद्यातला मधला माणूस म्हणजे संरक्षण अधिकारी. घटनेचा अहवाल, म्हणजे सगळे ज्याला ‘डीआयआर’ म्हणतात तो, ठरलेल्या नमुन्यात भरणे, बाईला तिचे हक्क सांगणे, तिच्यासाठी सुरक्षिततेची योजना तयार करणे, दवाखान्यात आणि निवारागृहात पोचवणे, कोर्टाची नोटीस बजावणे आणि आदेशाची अंमलबजावणी करणे ही सगळी त्याची कामे. एवढ्या कामाला पूर्ण वेळाचा, प्रशिक्षित माणूस हवा. महाराष्ट्रात सुरुवातीला हे पद आधीच बोजा असलेल्या सरकारी अधिकाऱ्यांना जादा कारभार म्हणून दिले गेले. तहसीलदाराच्या टेबलावर सातबाऱ्यांच्या ढिगात डीआयआर हरवला तर नवल नव्हते. सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्येही राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्याची मुदत घालून द्यावी लागली, यातच या पदाची अवस्था दिसते. डीआयआर नसला म्हणून अर्ज अडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले आहे. स्त्री स्वतः किंवा वकिलामार्फत थेट कोर्टात जाऊ शकते.

रुग्णालय हा या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित दुवा आहे आणि धंतोलीच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा. मार लागलेली बाई पोलिसांकडे जाण्याआधी डॉक्टरकडे जाते. तिथे विचारणा होते आणि शेजारी नवरा किंवा सासू उभी असते. उत्तर ठरलेले असते: बाथरूममध्ये पाय घसरला, जिन्यावरून पडले. केसपेपरवर तेच लिहिले जाते. दोन वर्षांनी कोर्टात नवऱ्याचा वकील तोच केसपेपर काढून दाखवतो: त्या वेळी तुम्ही डॉक्टरांना काय सांगितले होते? कौटुंबिक हिंसेच्या अनेक खटल्यांचा निकाल अशा वेळी लिहिलेल्या एका ओळीने वळतो, आणि ती ओळ लिहिणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरला त्याचा पत्ताही नसतो.

या ठिकाणी कायद्याखालच्या २००६ च्या नियमांनी एक बारीक पण मोलाची सोय केली आहे. डीआयआर आणला नाही म्हणून वैद्यकीय सेवा केंद्राने उपचार नाकारायचे नाहीत. उलट अहवाल आधी झालेला नसेल तर केंद्रानेच तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. अडचण अशी की कायद्याच्या भाषेत ‘वैद्यकीय सुविधा’ म्हणजे राज्य सरकारने तशी अधिसूचित केलेली संस्था. मेडिकल, मेयो आणि डागा या सरकारी रुग्णालयांची गोष्ट वेगळी. धंतोलीतल्या खासगी दवाखान्यांवर ही जबाबदारी आपोआप येत नाही. दुखापत संशयास्पद असेल तर वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण (एमएलसी) म्हणून तिची नोंद करून पोलिसांना कळवण्याची रीत मात्र खासगी रुग्णालयालाही लागू आहे. व्यवहारात ‘एमएलसी नको, कोर्टाच्या चकरा लागतील’ हा विचार डॉक्टर आणि घरचे दोघेही करतात. बाईला पाच मिनिटे एकटीला विचारणे, तिच्या शब्दांत लिहिणे, जखमांची जागा आणि वय नोंदवणे आणि कागदाची प्रत तिच्या हाती देणे यासाठी कोणत्याही अधिसूचनेची गरज नसते.

हे शक्य आहे, याचा दाखला मुंबईत आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने २००० च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. रुग्णालयाच्या आतच समुपदेशक बसते, परिचारिका आणि डॉक्टरांना खुणा ओळखायला शिकवले जाते, आणि जखम बांधायला आलेली बाई तशीच पुढे केंद्रात जाते. या नमुन्यावर पुढे इतर रुग्णालयांत केंद्रे निघाली. नागपूरला ही कल्पना अगदीच परकी नाही. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये इथे मातृसेवा संघ उभा केला, तो बाळंतपणापुरता नव्हता. निराधार आणि टाकून दिलेल्या बायकांना दवाखान्याच्या दारातून आधार मिळू शकतो, हे त्यांनी ओळखले होते. शंभर वर्षांनी शहरात रुग्णालये कितीतरी पटींनी वाढली आहेत. त्यातल्या किती ठिकाणी समुपदेशकाची अशी एक खुर्ची आहे, हे विचारण्यासारखे आहे.

पोलीस ठाण्यातला अनुभव माणसागणिक बदलतो. ‘एनसी’ लिहून, म्हणजे अदखलपात्र नोंद करून, घरी पाठवणे हा जुना रिवाज. कायद्याचे कलम ५ मात्र सांगते की तक्रार घेणाऱ्या पोलिसाने बाईला संरक्षण आदेश, संरक्षण अधिकारी, मोफत कायदेशीर मदत आणि फौजदारी तक्रारीचा हक्क या सगळ्यांची माहिती द्यायलाच हवी. १ जुलै २०२४ पासून ४९८-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ ने घेतली. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत. अटक आपोआप करायची नाही, कारणे नोंदवूनच करायची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले आहे. सासर अमरावतीचे किंवा बालाघाटचे आणि माहेर नागपूरचे असेल तर तक्रार नागपुरातही करता येते. २०१९ च्या निकालाने हे नक्की झाले. २००५ च्या कायद्यात तर ही सोय कलमातच आहे: बाई तात्पुरती जिथे राहते, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो.

नागपूर पोलिसांनी २०१७ च्या सुरुवातीला ‘भरोसा सेल’ उघडला. तक्रार, समुपदेशन, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत एकाच छताखाली, अशी त्यामागची कल्पना होती. हैदराबादमध्ये असा प्रयोग आधी झाला होता. महाराष्ट्रात नागपूरनंतर तो इतर शहरांत गेला. त्याही आधी, १९८४ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत पोलीस यंत्रणेच्या आत ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ सुरू केला होता. त्यात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसत. पुढे तो राज्यभर पसरला. केंद्र सरकारच्या ‘सखी’ वन स्टॉप केंद्रांची योजना २०१५ ची. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक या सगळ्याला जोडलेले आहेत.

या सगळ्या ठिकाणी पहिले पाऊल समुपदेशनाचे असते, आणि खरा वाद इथेच आहे. दोघांना समोरासमोर बसवायचे, समजूत घालायची, बाईला पुन्हा नांदायला पाठवायचे आणि ‘संसार वाचवला’ म्हणून नोंद करायची, असा मोह यंत्रणेला होतो. आकडेही त्याचेच मोजले जातात. मारहाण करणाऱ्याशी तडजोड करताना ज्याच्या हातात घर, पैसा आणि मार तीनही आहेत, त्याचे पारडे जड असणार, हे उघड आहे. कायद्याखालचे नियम या बाबतीत फार स्पष्ट आहेत. न्यायालयाने नेमलेल्या समुपदेशकाने हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवायची आहे. मारण्याचे समर्थन प्रतिवादीला तिथे करता येत नाही. ‘तिनंच डिवचलं’ हे वाक्य नियमानुसार त्या खोलीत ऐकूनच घ्यायचे नाही. आणि समेटाचा प्रयत्न करायचा तो बाईची इच्छा असेल तरच. पण हे नियम कोर्टातल्या समुपदेशनाचे. त्याआधीच्या टप्प्यावर, म्हणजे ठाण्यात, सेलमध्ये किंवा संस्थेत काय चालावे, यावर महाराष्ट्रात बराच खल झाला आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही आली. अनुभवी समाजकार्यकर्त्या म्हणतात की चांगले समुपदेशन म्हणजे बाईला तिचे पर्याय दाखवणे. त्यानंतर तिने घरी परतायचे ठरवले तर तो तिचा निर्णय. हा फरक नोंदवहीत दिसत नाही, म्हणून तो तपासायला कोणी जात नाही.

कोर्टात अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जातो. पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात समन्स परत येते, नवरा गैरहजर राहतो, वकील वेळ मागतो आणि तारखेवर तारीख पडते. म्हणून कलम २३ खालचा अंतरिम आदेश हाच खरा आधार. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर, गरज पडल्यास दुसऱ्या बाजूचे न ऐकताही, तो देता येतो. संरक्षण, निवास, पैसा, मुलांचा ताबा आणि भरपाई या पाचही गोष्टी एकाच अर्जात मागता येतात. हीच मागणी कौटुंबिक किंवा दिवाणी न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणातही करता येते. बाईचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांसाठी उत्पन्नाची अट ठेवलेली नाही. धंतोलीतल्या नोकरदार बाईला हे सहसा माहीत नसते. ती फुकट वकील म्हणजे गरिबांसाठी, असे समजून दागिने मोडते.

कार्यवाही दिवाणी हक्कांची, पण चालते फौजदारी कोर्टात. या जोडणीमुळे अनेक प्रश्न उभे राहिले. नवऱ्याला असा खटला रद्द करून मागण्यासाठी उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराकडे जाता येते का, या प्रश्नावर नागपूर खंडपीठात पूर्णपीठ बसले आणि २०१८ मध्ये त्याने होकारार्थी उत्तर दिले.

पोटगीच्या बाबतीत देशभर आज जे नियम चालतात, तेही नागपूरच्याच एका प्रकरणातून आले. इथल्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ मध्ये एका पत्नीने स्वतःसाठी आणि तान्ह्या मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. आदेश २०१५ मध्ये झाला, नागपूर खंडपीठाने तो २०१८ मध्ये कायम ठेवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अंतरिम मदतीचा प्रश्न सुटायला सात वर्षे लागली, हे पाहूनच ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात न्यायालयाने सर्वांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यायचे. अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा. पोटगी आदेशाच्या नाही तर अर्जाच्या तारखेपासून मोजायची. एकाहून अधिक कायद्यांखाली रक्कम मागितली असेल तर आधीचा आदेश उघड करायचा, म्हणजे वजावट करता येते. नवऱ्याने उत्पन्न दडवणे हा पोटगीच्या खटल्यातला सर्वांत जुना डाव आहे. प्रतिज्ञापत्राने तो संपला नाही, पण खोटे बोलण्याची किंमत वाढली.

आदेश हाती पडल्यावर त्याची प्रत दोन्ही पक्षांना, संबंधित पोलीस ठाण्याला आणि सेवा देणाऱ्या संस्थेला फुकट मिळायला हवी, असे कलम २४ सांगते. आदेश देशभर लागू असतो. नवऱ्याची बदली पुण्याला झाली किंवा तो रायपूरला निघून गेला म्हणून तो संपत नाही. संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि केवळ बाईच्या साक्षीवर न्यायालयाला निष्कर्ष काढता येतो. पैशाच्या आदेशाची वसुली अधिक किचकट असते. नवऱ्याच्या मालकाला त्याच्या पगारातून थेट रक्कम भरण्याचा आदेश देता येतो. पोटगी थकली तर वॉरंट काढता येते, मात्र फौजदारी प्रक्रियेखालच्या थकबाकीची मागणी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावी लागते. हे न कळल्यामुळे कित्येकींच्या जुन्या रकमा बुडतात. थकबाकीसाठी नवरा तुरुंगात गेला तरी देणे फिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे की तुरुंगवास हा वसुलीचा मार्ग आहे, देण्याची फेड नाही. सुटून आल्यावर तीच रक्कम त्याच्या नावावर उभी असते.